गोलमध्ये कोण उभं राहणार

प्रिय तोफ,

पाकिटावरचं माझं कोंबडीच्या पायांसारखं अक्षर ओळखून तू हे न फोडताच टोपलीत फेकशील, ही पहिली भीती. फोडलंस तर अर्ध्यावर येऊन तावातावाने मला फोन करशील, ही दुसरी. तेव्हा हात जोडून सांगतो, शेवटपर्यंत वाच आणि मग काय तो आकांडतांडव कर. पत्र मुद्दाम तुझ्या चष्म्याच्या दुकानात पाठवतोय, घरी नाही. का, ते पुढे येईलच.

मी हे वर्कशॉपमध्ये बसून लिहितोय. समोर एका जुन्या लिफ्टची मोटर उघडी पडली आहे, तिच्याकडे बघायचं सोडून कागद खरडतोय. बसून म्हणतोय खरं, पण दोन ओळी झाल्या की उठतो, खिडकीपाशी जातो, परत येतो. आमच्या स्टोअरवाल्याने विचारलंसुद्धा, बूट चावतोय का म्हणून. कुठल्याही क्षणी फोन वाजेल आणि कुणीतरी कुठल्यातरी लिफ्टमध्ये अडकलं म्हणून पळावं लागेल. अडकलेल्या माणसाशी दाराबाहेरून काय बोलायचं, ते मला छान जमतं. घाबरू नका, हवा येतेय, मी इथेच आहे. तुझ्याशी काय बोलायचं ते मात्र इतके दिवस जमलेलं नाही. परवा तू मला बघून रस्ता ओलांडलास. समोरून ट्रक येत होता रे, माझ्यापायी जीव कशाला देतोस?

सेक्रेटरींनी मला सांगितलं. रविवारची सेमी फायनल झाली की तुझ्या भिंगरीचं नाव क्लबातून काढून घेणार, असं तू त्यांना ठणकावून आलास. कारण काय, तर कोच, म्हणजे मी, आकसाने वागतो, लायक पोरीला बाकावर बसवतो आणि विचारलं तर धड उत्तर देत नाही. यातलं शेवटचं अगदी खरं आहे. पण तिला काढून तू नेणार कुठे? चौदा वर्षांखालच्या मुलींचा दुसरा संघ या भागात नाही. म्हणजे पोरीचं फुटबॉल संपलं. तुझ्या रागात आणि माझ्या गप्प बसण्यात तिचं खेळणं जाणार, या विचाराने मला कशातच चैन पडेनासं झालंय. जेवताना बायको दोनदा काहीतरी विचारते, मी तिसऱ्यांदा हं म्हणतो.

तुला शाळेतले आपले मास्तर आठवतात? संघ कसा निवडायचे? मॅचच्या सकाळी सगळ्यांना ओळीत उभं करायचे आणि हातातल्या छडीने दाखवत जायचे. तू, तू, तू. छडी माझ्यावरून सरळ पुढच्याकडे जायची. का, ते कधी सांगितलं नाही आणि आपल्यालाही कधी विचारावंसं वाटलं नाही. तुझा नंबर नेहमी पहिला, कारण तुझ्या पायातून चेंडू सुटला की जाळीच फाटायची, म्हणून तर तू तोफ. आणि मी बाकड्या. खेळायला उतरायच्या आधी सगळेजण आपली घड्याळं काढून माझ्याकडे द्यायचे. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत घड्याळं बांधून मी बसलेला असायचो. एकदा तर तू गोल मारून धावत आलास आणि मला मिठी मारायच्या ऐवजी किती वाजले ते बघून गेलास. आपण यावर किती हसलोय! मी पण हसायचो, आणि खोटं नव्हतो हसत. पण घरी गेल्यावर आई विचारायची, आज खेळलास का रे, तेव्हा मात्र हसू यायचं नाही.

म्हणून कोच झालो तेव्हा मी एकच गोष्ट ठरवली. ज्याला बसवायचं त्याला आधी सांगायचं, तोंडावर, आणि का तेही सांगायचं. गुरुवारचा सराव संपला की मी गवतावर बसतो आणि मुली एकेक करून समोर येऊन बसतात. तू किती खेळणार, कुठे खेळणार, जास्त खेळायचं असेल तर काय सुधारायला हवं. साध्या मॅचला गोलकीपर सोडून प्रत्येकीला निदान अर्धा हाफ मिळतोच. मोठ्या मॅचला मिळेलच असं नाही, आणि तसं मी स्पष्ट सांगतो. काहीजणी रडतात. रडू देतो, रुमाल देतो, कारण बदलत नाही. आणि एक नियम, की हे सांगायचं मुलीला, आईबापांना नाही. आईबापांना विचारायचं असेल तर मुलीला सोबत घेऊन यायचं.

आईबाप म्हणजे काय चीज असते ते तुला सांगायला नको, तू त्यांचा म्होरक्या! लेफ्ट बॅकची आई मोबाइलवर वेळ लावून बसते. तिची मुलगी बाहेर आली की घड्याळ थांबवते आणि मॅच संपली की तो आकडा माझ्या नाकासमोर धरते. त्या दाताच्या डॉक्टरने तर मला खुर्चीत आडवं पाडून, तोंडात ते यंत्र घालून विचारलं, आमच्या लेकीला पुढे का नाही खेळवत? मी आ वासून काय सांगणार? आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. चालायचंच. या सगळ्यांना उत्तर देताना मी कधी अडखळलो नाही. एकट्या तुझ्यापुढे अडखळलो आणि तुला तिथेच संशय आला. बरोबरच आला.

सीझनच्या सुरुवातीला काय ठरलं होतं, आठवतं ना? गोलकीपर दोघी, भिंगरी आणि शिडी. एक मॅच हिची, एक तिची. तसंच चाललं होतं. मग भिंगरी एका मॅचला बसली, पुढच्यालाही बसली आणि मग बसतच गेली. तू पहिल्यांदा आलास तेव्हा मी म्हणालो, शिडीची उंची आहे. तू म्हणालास, ठीक. दुसऱ्यांदा आलास तेव्हा म्हणालो, सरावात जरा कमी पडते. यावर तू डोळे बारीक केलेस, कारण ती रोज माझ्या आधी मैदानावर असते हे तुलाही माहीत. तिसऱ्यांदा मी काहीतरी संघाचा समतोल वगैरे बोललो आणि तू खो खो हसलास. मला स्वतःलाच लाज वाटली. शिवाय तुझ्या लेकीला सोबत आणायचा नियमही मी तुझ्यापुढे काढला नाही. दुसरा कुणी बाप असता तर काढला असता. घोडं कुठे पेंड खातंय ते तुला तेव्हाच कळायला हवं होतं, पण तू निघालास भलत्याच दिशेने.

मग ती मॅच. मैदानाच्या कठड्यावर दोन्ही हात आपटत, सगळ्या पालकांदेखत तू मला ऐकवलंस. आयुष्यभर बाक झिजवलास, आता त्याचा सूड माझ्या पोरीवर उगवतोस. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. शिट्टी तोंडात होती म्हणून बरं, नाहीतर मी काय बोललो असतो कुणास ठाऊक. तू तिला हाताला धरून गाडीकडे घेऊन गेलास आणि मी उरलेला हाफ नुसताच उभा राहिलो. बदली खेळाडू पाठवायची राहिली. एक पोर दमून वाकली होती ती शिडीनेच मला ओरडून दाखवली.

तुझं ते वाक्य मी किती वेळा उलटसुलट करून पाहिलं, काय सांगू! लिफ्टच्या वरच्या खोलीत एकटाच काम करताना ते हटकून आठवतं. खरंच तसं असेल का? तू कठड्याशी येरझाऱ्या घालायचास, केस ओढायचास, तेव्हा मला आत कुठेतरी बरं वाटायचं का? वाटायचं. थोडंसं वाटायचं, लपवत नाही. म्हटलं, कळू दे याला बाकावरून मॅच कशी दिसते ते. पण त्यासाठी मी भिंगरीला बसवलं नाही. तेवढा हलकट मी नाही आणि तुलाही ते माहीत आहे. भिंगरी शिडीपेक्षा सरस आहे. पुढे सरसावून चेंडू उचलण्यात तर तिच्या जवळपास कुणी नाही. हे मी तुला तेव्हाच सांगितलं असतं, पण मग तू विचारलं असतंस, तर मग का? आणि त्या ‘का’च्या उत्तराला माझं तोंड बांधलेलं होतं. बायकोलाही सांगितलं नाही मी. ती म्हणाली, मित्र जातोय तुझा, बोलून का टाकत नाहीस. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

फोन वाजला होता. गेलो, आलो. एक आजी कुत्र्यासकट अडकल्या होत्या. कुत्रा शांत होता, आजी मला रागावल्या. आता लिहून टाकतो, नाहीतर पुन्हा उठेन.

भिंगरी शेवटची खेळली ती मॅच होऊन गेली होती, तीन गोल खाल्लेली. त्यानंतरच्या सरावाला मी सामानाच्या खोलीत चेंडूंत हवा भरत होतो. भिंगरी आत आली आणि न सांगता दुसरा पंप घेऊन बसली. तुला माहीत आहे, मैदानावर ती मला सर म्हणते आणि तुमच्या घरी काका. त्या दिवशी मैदानावर असून काका म्हणाली. काका, मला यापुढे मॅचला नका खेळवू. सरावाला येईन, रोज येईन, बाकावर पण बसेन, फक्त खेळवू नका. मला वाटलं दुखापत झाली. नाही म्हणाली. कुणी चिडवतं का? नाही. खेळ आवडत नाही का? यावर तिने माझ्याकडे असं बघितलं, की मीच वरमलो. मग मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, खेळायचं नाही तर यायचं कशाला? तेव्हा पंपावरचा हात न थांबवता ती बोलली. तुम्ही मला खेळवलंत की घरी जाताना बाबा गाडीत मला बोलतात. नाही खेळवलंत की तुम्हाला बोलतात.

मला हसूच आलं आधी. मग तिने सगळं सांगितलं. गाडी मैदानातून बाहेर पडली की तू सुरू करतोस. पहिला गोल. कुठे उभी होतीस, कुठे उभं राहायला हवं होतं, पाय कसे होते, नजर कुठे होती. सिग्नलला टिश्यू पेपरचा खोका आणि पाण्याची बाटली मांडून तिला कोन समजावतोस. मागचे लोक हॉर्न वाजवतात. मग दुसरा गोल. गोल झाला नसेल तर जो होता होता वाचला तो. ती हातमोजे काढत नाही, कारण काढले की तू म्हणतोस, बघ, हिचं लक्ष नाही. घराखाली आल्यावरही इंजिन बंद करून तू बोलत बसतोस आणि वर वहिनी खिडकीतून बघत असतात. तू मारत नाहीस, ओरडतही नाहीस फारसा. तू समजावतोस. पोर म्हणाली, काका, बाबांचं सगळं बरोबर असतं, पण माझ्या पोटात दुखतं.

आणि ती बसली त्या दिवशी? त्या दिवशी गाडीत मजा. तू मला शिव्या घालतोस. माझी बदकासारखी चाल स्टिअरिंगमागे बसल्या बसल्या करून दाखवतोस, शिट्टी वाजवतानाचे माझे फुगलेले गाल करतोस, ती पोट धरून हसते. आइस्क्रीमच्या दुकानाशी थांबतोस. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतोस, त्या बाकड्याला काय कळतंय, माझ्या वाघिणीसारखी गोलकीपर त्याला सात जन्मांत मिळायची नाही. हे तिने मला तुझ्याच आवाजात करून दाखवलं, माझ्या चालीसकट. भारी करते रे नक्कल, मलाही हसू आवरेना. आणि मग पुन्हा पंप हातात घेऊन म्हणाली, त्या दिवशी बाबा माझ्या बाजूने असतात.

मी काय करायला हवं होतं? तुझ्याकडे यायला हवं होतं, हो. पण तिने माझ्याकडून शब्द घेतला होता, आणि तुला कळलं तर तू गाडीत यावरही समजावत बसशील, असं ती म्हणाली. मला ते पटलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. म्हटलं एक मॅच बसवू, पोरीला जरा श्वास घेऊ दे. एकाच्या दोन झाल्या. दर गुरुवारी ती समोर येऊन बसायची, मी भुवया उंचावायचो, ती मान हलवायची, संपली आमची चर्चा. एवढ्या मुलींना कारणं सांगणारा मी, आणि इथे कारण मलाच दिलं जात होतं. तू शिव्या घालत होतास ते मला कळत होतं, आणि खरं सांगू, तू माझ्या नावाने शंख करतोयस म्हणजे तिकडे ती हसत असेल, असं मनात यायचं. राग यायचा आणि बरंही वाटायचं. पण तू कठड्यावरून सूड म्हणालास, तेव्हा तीही ऐकत होती. त्या दिवशी तुमच्या गाडीत कुणी हसलं नाही म्हणे.

तुला वाटेल, मी तुला वाईट बाप म्हणतोय. नाही रे बाबा. मला कधी कुणी गाडीत बसवून माझा खेळ समजावला नाही. मास्तरांनी नाही, घरच्यांनी नाही. आपल्या पोरीचा एकेक गोल ध्यानात ठेवणारा बाप मला मिळाला असता, तर मी दोन्ही हातांवरची घड्याळं फेकून मैदानात धावलो असतो. तुझं प्रेमच आहे ते, आंधळ्यालाही दिसेल. फक्त ते तिला गाडीतल्या गाडीत सोसत नाही, आणि गाडीतून उतरताही येत नाही.

आता ताजी बातमी. शिडी सायकलवरून पडली, उजव्या मनगटाला प्लास्टर आहे. सुरुवातीला मी तिच्या जागी दुसऱ्या कुणाला तरी उभं करावं, असंही मनात आणलं. सेंटर हाफला हातमोजे घालूनही पाहिलं. तिने पहिलाच चेंडू हेडरने आपल्याच जाळीत घातला. मग काल गुरुवारी भिंगरी समोर येऊन बसली. मी यावेळी भुवया उंचावल्या नाहीत, सरळ सांगितलं, रविवारी तू खेळणार. का, ते तिला सांगायची गरज नव्हती. ती बराच वेळ गवताची पाती उपटत होती. मग तिने विचारलं, परत येताना मला तुमच्या गाडीतून याल का घेऊन? मी हो म्हणणार होतो, अगदी ओठांवर आलं होतं. पण आजवर तुझ्यापासून तिला लपवलं ते पुष्कळ झालं. म्हणालो, बाबांना सांगू का? ती म्हणाली, सांगू नका, भांडाल. लिहा. आणि मी शिकवणीला गेलेली असताना द्या, दुकानात. म्हणून हे दुकानात.

तर पत्राचं कारण एवढंच. रविवारी भिंगरी खेळणार आहे, पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत. समोरचा संघ तगडा आहे. त्यांची ती सेंटर फॉरवर्ड बघशील तर तुला तुझंच लहानपण आठवेल, म्हणजे गोल तर आपण खाणारच, किती ते देव जाणे. तू ये. कठड्याशी उभा राहा, ओरड, नाच, तुझा हक्क आहे. नाव काढायचं असेल तर सोमवारी काढ, मी आडवा येणार नाही. पण मॅच संपली की ती तुझ्याच गाडीत येऊन बसेल, मी बसवीन. तेव्हा तिच्या एकाही गोलचा विषय काढू नकोस, चांगला अडवला तोसुद्धा नाही. मला शिव्या घाल. गाढवाने बचाव काय लावला होता म्हण, जन्मात कधी खेळला नाही तो काय शिकवणार म्हण, माझी चाल कर, गाल फुगव, जे सुचेल ते कर. मला त्याचं काही वाटणार नाही, आईशपथ. घर येईपर्यंत मलाच शिव्या घाल रे, ती खेळली असली तरी.

तुझाच, अजूनही,
बाकड्या